फिरतीचं ऑडिट: घ्यावी का ही नोकरी?

लातूरकरीण
एम.कॉम. झालं. सीए इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसरा दोनदा हुकला. आता एका मायक्रोफायनान्स कंपनीत (बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या) इंटर्नल ऑडिटरची, म्हणजे कंपनीच्याच शाखांचे हिशेब तपासायची नोकरी मिळतेय. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड इथल्या शाखा, महिन्यातले वीस दिवस फिरती. पगार 22 हजार, टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) वेगळा. आई म्हणते, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणार का? काम नेमकं कसं असतं, कुणी केलंय का?

जुना_जमाखर्च
नऊ वर्षं हेच केलं, बहुतेक पतसंस्था आणि सोनेतारण. एक गोष्ट आत्ताच सांगतो: शाखेत न कळवता पोचायचं आणि आधी रोकड मोजायची. चहा नंतर.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं. तालुक्याच्या एका गावी साडेनऊला पोचलो. मॅनेजर म्हणाले, "साहेब, लांबून आलात, आधी पोहे तरी खा." पोहे आले, चहा आला, तिजोरीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे ते कॅशियर काही येईनात. आले साडेअकराला. रोकड मोजली, आदल्या दिवसाच्या अखेरच्या शिलकेशी पैशापर्यंत जुळली. सहीला पेन काढलं आणि पाचशेच्या चार पुडक्यांवरच्या कागदी पट्ट्यांकडे नजर गेली. शिक्का दुसऱ्याच बँकेचा, तारीख त्याच दिवशीची. कालच्या शिलकेत आजचं पुडकं कसं येईल? माझे पोहे संपेपर्यंत तूट भरायला दोन लाख काढून आणले होते. (पोहे चांगले होते, हेही नमूद करतो.)

तुमच्याकडे तिजोरी लहान, माणसं जास्त. सकाळच्या केंद्र बैठकीला (गटातल्या बायका जमून हप्ते भरतात तिथे) बसा, बाईच्या हातातलं हप्त्यांचं कार्ड आणि सिस्टिममधले हप्ते ताडून बघा. पण खरं विचारायचं ते घरी जाऊन, चारचौघींत कुणी तोंड उघडत नाही. "कर्ज तुम्हीच वापरलं ना?" याचं उत्तर कायम "हो" येतं. "पैशाचं काय घेतलं?" असं विचारा. शेळी म्हणाली तर शेळी बघा. आणि कर्जाच्या फॉर्मवरचा उत्पन्नाचा रकाना सोडू नका. 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मायक्रोफायनान्सला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंतच चालतं. अख्ख्या गावात प्रत्येक घराचं उत्पन्न 2,40,000 च लिहिलेलं दिसलं, तर फॉर्म शाखेत पंख्याखाली बसून भरलेत असं समजा.

बॅग_भरलेलीच
मी बाई आहे, चार वर्षं फिरतीवर, म्हणून आईंच्या प्रश्नाचं सांगते. लॉजचा खर्च कोण करणार आणि कमाल किती, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. शाखेच्या मॅनेजरनं सुचवलेली खोली घेऊ नका, फुकट असेल तर मुळीच नाही. शक्यतो मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी करा. सकाळी आठची बैठक असली की ते जमत नाही, मग एखाद्या ओळखीच्या घरी. शाखेत शिरण्याआधी स्टँडवर शेवटची गाडी विचारून ठेवायची. मार्च 2023 पासून एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, टीएच्या बिलाला तेच लावा. आमच्याकडच्या एकीनं पूर्ण तिकिटाचे पैसे मागितले होते. ऑडिटरचंच ऑडिट झालं.

सभासद_क्रमांक_१
नोकरी घ्या, पण सोबत जी.डी.सी. अँड ए. देऊन टाका. सहकार खात्याची परीक्षा आहे. पुढे खात्याच्या ऑडिटरांच्या पॅनलवर (यादीत) नाव लागलं तर सहकारी संस्थांचं ऑडिट स्वतःच्या नावानं करता येतं. आपल्या भागात पतसंस्था, विकास सोसायट्या काही कमी नाहीत. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट उरकायचं असतं, त्यामुळे जुलै मात्र घरच्यांना विसरायला सांगा.

लातूरकरीण
सगळ्यांचे आभार. लॉजचं उद्याच एचआरला विचारते. @जुना_जमाखर्च काका, "शेळी दाखवा" म्हटल्यावर बायकांना राग नाही येत?

जुना_जमाखर्च
येतो ना. म्हणून दाखवा म्हणायचंच नाही. "व्याली का?" असं विचारायचं. जिच्याकडे शेळी आहे ती दहा मिनिटं बोलायची थांबत नाही आणि मग आपणहून गोठ्याकडे नेते.