व्यायामशाळेतील इंजेक्शने आणि शुक्राणूंची संख्या
शुक्राणूंची संख्या कमी होण्याची कारणे म्हणून तंबाखू, मद्य आणि व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणे) ही सांगितली जातात, आणि ती योग्यच आहेत. मात्र शरीर कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनांचा उल्लेख राहून जातो. हे संप्रेरक बाहेरून मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके स्रवणे जवळजवळ थांबवते, शुक्राणुनिर्मिती मंदावते आणि कधीकधी वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही. माझ्या मावसभावाच्या बाबतीत हेच घडले, आणि तोवर तपासण्या मात्र वहिनीच्याच होत राहिल्या, याचे आजही वाईट वाटते.

इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते. परंतु एक शुक्राणू तयार होण्यासच सुमारे ७४ दिवस लागत असल्याने त्यासाठी कित्येक महिने जातात. म्हणून ही इंजेक्शने घेत असल्याचे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.