सूर्याच्या पोटातील घनतेचे चढउतार आणि न्यूट्रिनोचा हिशेब

परळकर:
काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, सूर्याच्या पोटात सतत खळबळ असल्यामुळे तेथील घनता स्थिर नसते आणि म्हणून सौर न्यूट्रिनोंच्या (सूर्याच्या गाभ्यात जन्मणाऱ्या अतिहलक्या कणांच्या) दोलनाचे, म्हणजे वाटेत प्रकार बदलण्याचे, सारे निष्कर्ष अंदाजपंचे आहेत. हे वाचून मला राहवले नाही. सूर्य उकळतो तो त्रिज्येच्या बाहेरच्या सुमारे ३० टक्के भागात. बोरॉन-८ या किरणोत्सारी अणूपासून निघणाऱ्या १० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या न्यूट्रिनोचे अनुस्पंदन (ठराविक घनतेला प्रकारबदल सर्वात जोरदार होणे) मात्र केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण पाव अंतरावर, शांत प्रारणी भागात (जेथे ऊर्जा उकळीने नव्हे, प्रारणाने वाहते) घडते. शिवाय परिणाम व्हायचा तर घनतेच्या चढउताराची लांबी दोलनलांबीच्या (प्रकारबदलाचे एक आवर्तन पुरे होण्याच्या अंतराच्या), म्हणजे तेथे तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या, जवळपास असावी लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवा: बारीक तरंगांना ती दाद देत नाही, लांबच लांब लाटेवर ती अलगद चढते-उतरते, पण तिच्याच मापाची लाट आली की उतारूंच्या पोटात कालवते.

मुलुंडची शिक्षिका:
शांत आहे, हे आपण कशावरून म्हणता? सूर्यकंपनांवरून घनता उत्तम मोजली गेली, परंतु त्या पद्धतीची नजर काहीशे किलोमीटरइतकी बारीक नाही, आणि खोलवरचे जी-मोड (उत्प्लावनाने चालणारी आतील आंदोलने) सर्वमान्यपणे सापडलेले नाहीत म्हणून ते नाहीतच असे ठरत नाही. लोरेटी आणि बालांतेकिन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच अशा यादृच्छिक चढउतारांचा परिणाम मांडला होता. मी पदव्युत्तर वर्गात हाच प्रश्न विचारला, तेव्हा ‘अभ्यासक्रमात नाही’ असे सांगून मला खाली बसवण्यात आले. तोच सूर आज आपल्या लेखनात ऐकू आला, म्हणून हा राग.

डोंबिवलीकर:
माझ्या मते दोष शब्दाचा आहे. ‘खळबळ’ म्हटले की वाचकाला चुलीवरचे आधण दिसते; येथे अभिप्रेत आहेत ते सरासरीभोवतीचे एक-दोन टक्क्यांचे चढउतार. इंग्रजी ‘नॉइज’साठी ‘गोंगाट’ही तितकाच फसवा, कारण त्यात आवाज येतो. मराठीत विज्ञान लिहिणारे शब्द उचलताना पुढचे चित्र पाहत नाहीत, हे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे, आणि ‘शांत’ हा शब्दही त्याच निष्काळजीपणाचा आहे.

मुलुंडची शिक्षिका:
शब्दकोश नंतर उघडू. माझ्या प्रश्नाला बगल देऊ नका.

परळकर:
बगल दिलेली नाही. जपानमधील कॅमलँड प्रयोगाने अणुभट्ट्यांतून येणारे प्रतिन्यूट्रिनो मोजले. त्या मोजणीशी सूर्याच्या घनतेचा काहीही संबंध नाही. त्यातून मिळालेल्या दोलनाच्या मूल्यांनुसार, चढउतार नसलेल्या सूर्यातून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंपैकी सुमारे एक तृतीयांश इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो (सूर्यात जन्मतानाचा प्रकार) उरायला हवेत. कॅनडातील सडबरी प्रयोगात जवळपास तेवढेच भरले. चढउतार प्रबळ असते, तर हा वाटा निम्म्याकडे सरकला असता.

मुलुंडची शिक्षिका:
आकडे जुळतात, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु त्यातून शंभर किलोमीटरच्या मापावर काही टक्क्यांची मर्यादा मिळते, शून्य नव्हे. आणि ही मर्यादा सूर्याच्या गाभ्याविषयी न्यूट्रिनोंनीच दिलेली माहिती आहे, हे आपण पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते.

परळकर:
हवे होते. ‘शांत’ हा शब्द मी मागे घेतो. तेथे ‘संवहन नसलेला’ असे वाचावे. ‘अंदाजपंचे’ला असलेला माझा विरोध मात्र कायम आहे.