अघूल, अगूल की आणखी काही?

— कॉकेशसमधल्या भाषांवर एक टिपण लिहिते आहे. रशियातल्या दागेस्तानच्या दक्षिण भागात एक भाषा आहे. रोमनमध्ये तिच्या नावात जी-एच येतं, म्हणून मी ‘अघूल’ लिहिलं. बरोबर आहे का?

— घ नको. त्यांच्या सिरिलिक लिपीत (ती १९९० पासूनची) तिथे जोडअक्षर आहे आणि त्याचा उच्चार पडजिभेपाशी घासून येतो. उर्दू गझलेतला ग घ्या, त्याच्या जवळचा. आपला घ महाप्राण आहे, त्यात घासणं नाही. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आपण वापरत नाही, तेव्हा ग.

— पण ‘मुघल’ लिहितोच की आपण!

— लिहितो, आणि ‘मोगल’ही लिहितो. गरीब, बगीचा, अफगाण यांत मात्र गच आहे. बहुमत गकडे.

— नावापेक्षा विभक्तींबद्दल सांगा कुणी. तिथे डझनावारी विभक्ती असतात म्हणे?

— मोजण्याची गंमत आहे ती. आत, वर, खाली, समोर, मागे, चिकटून अशा जागा दाखवणारे प्रत्यय, आणि प्रत्येकावर पुन्हा ‘तिथे’, ‘तिकडे’, ‘तिथून’ यांचा भेद. गुणाकार केला की आकडा फुगतो. पण आपणही घरात-घरातून, घरावर-घरावरून, घराखाली-घराखालून म्हणतोच ना? दादोबा पांडुरंगांच्या मराठी व्याकरणापासून आपण यांतल्या बऱ्याच रूपांना शब्दयोगी अव्ययं म्हणत आलो, म्हणून यादी आटोपशीर राहिली. फरक एवढाच, की ‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’ यांत आपलं रूप एकच, त्यांची दोन. सामान्यरूपासारखी सोयही आहे. आपल्या ‘ने’सारखं कर्त्याचं रूप करायचं, मग बाकीच्या विभक्ती त्यावर चढवायच्या. हा ‘ने’ सकर्मक क्रियापदाला सर्व काळांत लागतो. म्हणजे ‘रामाने आंबा खातो’ चालतं!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दर्शक सर्वनामांची. ‘मे’ म्हणजे हा, ‘ते’ म्हणजे तो, ‘ले’ म्हणजे वरच्या अंगाचा तो, ‘गे’ म्हणजे खालच्या अंगाचा. गावं डोंगरउतारावर वसलेली, त्यामुळे शेजारीसुद्धा वरचा किंवा खालचा असतो. घाटावर-खाली कोकणात म्हणणाऱ्यांना हे सांगायला नको.

— लेझ्गी भाषेची बहीण ना ही?

— हो, त्याच शाखेतली. तबसरानही तीतच. २०१० च्या जनगणनेत बोलणारे सुमारे २९ हजार. लेझ्गीप्रमाणे हिनेही नामांचे लिंगवर्ग टाकून दिले.

— मग ‘अगूल’ लिहिते. ऊ दीर्घच ना?

— अकारान्ताचा उपान्त्य, म्हणून दीर्घ. पण सामान्यरूपात ‘अगुलांची गावं’, मूल-मुलांसारखं.