पाचवीची व्हॅन आणि सव्वासहाचा हॉर्न

बी-३०४ (अर्णवची आई): सॉरी, एवढ्या रात्री ग्रुपवर विचारतेय. पाचवीत गेलेल्या बाकीच्या मुलांचंही असंच चाललंय का? अर्णवच्या पोटात रोज सकाळी सहाला दुखतं. रविवारी एकदम ठणठणीत. आज हिंदीची वही राहिली म्हणून अख्खा तास उभा होता. चौथीत असा नव्हता हो.

ए-१०२ (नाना): व्हॅनचा हॉर्न पहाटे ६.१५ ला वाजतो. जूनपासून लिहितोय.

सी-२०१ (ओवीचे बाबा): आमच्याकडेही तेच. चौथीपर्यंत नऊच्या आत शाळा नको, हा २०२४ चा नियम. आणि पाचवीत गेल्या गेल्या सातची शाळा! झोप काय जीआर वाचून बदलते?

ए-४०३ (काका): आम्ही दोन मैल चालत जायचो. पोटबिट काही दुखत नव्हतं.

सी-२०१: काका, गणपतीत दीड मैल होतं 😄

बी-१०१ (बाई): अगं, चौथीपर्यंत एकच बाई सगळं शिकवते. मूल डबा न खाता आलं तरी तिला चेहऱ्यावरून कळतं. पाचवीत तासागणिक माणूस बदलतो. माझ्या वर्गात जुलैपर्यंत एखाददुसरं पोर मला चुकून ‘आई’ म्हणायचंच, आणि मग बाकीचे हसायचे. वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटव. दप्तर रात्री त्यानेच भरायचं, तू हात लावू नकोस. एखादी वही राहिली तर राहू दे. आणि ‘आज काय शिकवलं’ विचारू नकोस. डबा कोणाबरोबर खाल्लास, एवढंच विचार.

ए-४०३: पाचवीला आता नापासही करतात. आधी अभ्यास घ्या.

सी-२०१: वार्षिकनंतर फेरपरीक्षा असते काका. आत्ता कुठे जुलै आहे, घाबरवू नका.

ए-४०३: माहिती दिली फक्त. बोलायचं नसेल तर तसं सांगा.

सेक्रेटरी: 🙏 ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे. विषयांतर नको. उद्या पाणी १० ते १२ बंद.

सी-२०१: मेमध्ये तुमच्या मेव्हण्यांच्या हापूसच्या पेट्या इथेच विकल्या गेल्या ना साहेब?

ए-१०२: हॉर्न. ६.१५. तिसऱ्यांदा लिहितोय.

बी-३०४: बाई, विचारलं आत्ता. एकटाच खातो म्हणाला. चौथीतले तिघंही ‘ब’ तुकडीत गेले, हा एकटा ‘ड’ मध्ये. मी आपली हिंदीचं घेऊन बसले होते 😔
नाना, हॉर्न आमच्यामुळेच. हा बाथरूममधून बाहेरच येत नाही.

सी-३०२ (ईशाची आई): ईशा त्याच शाळेत आठवीला आहे. म्हणते, पाचवीत पहिला महिना तिनेही पाण्याच्या टाकीपाशी एकटीने डबा खाल्ला होता. मला आज कळतंय हे! उद्या जाताना ती त्याला घेऊन उतरेल. मधल्या सुट्टीत एकदा ‘ड’ मध्ये डोकावेल म्हणते, पण रोज नाही.

बी-१०१: रोज नकोच. त्याचं त्याला जमवू दे. वर्गशिक्षकांना मात्र जाऊन भेट. डायरीत लिहिलंस तर शेजारचा आधी वाचेल.

बी-३०४: शनिवारी जाते. ईशाला थँक्यू 🙏

ए-१०२: म्हणजे उद्या हॉर्न नाही?

सी-३०२: नाही नाना. ६.१० ला ईशा बेल वाजवेल.

ए-१०२: कोणाचीही वाजवा. माझी नको.