मदत हवी आहे : रिफ्लेक्स हातोडी आणि मेरुरज्जूचं मॉडेल (ठाणे-कळवा)

नववीच्या वर्गाला प्रतिक्षिप्त क्रिया (विचार न करता आपोआप होणारी हालचाल, रिफ्लेक्स) दाखवायची आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर) ठोका बसला की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, संवेदी (जाणीव आणणारी) चेतापेशी मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत) थेट प्रेरक (स्नायू हलवणाऱ्या) चेतापेशीला निरोप देते आणि पाय उडतो. मेंदूला कळतं ते नंतर. घोळ होतो तो मुलं पाय आखडून बसतात म्हणून. अशा वेळी पाय अधांतरी सोडायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ठोक्याच्या क्षणी हात विरुद्ध दिशांना जोरात ओढायला सांगायचं. पट्टीने ठोकू नये, लागतं.

रबरी हातोड्या ३-४ आणि मेरुरज्जूच्या आडव्या छेदाचं मॉडेल दोन दिवस कुणी देईल का? मॉडेलमध्ये चेतेची मागची-पुढची मुळं वेगळी दिसायला हवीत, नाहीतर उपयोग नाही. न्यायला-आणायला आम्हीच येऊ, ऐरोलीपर्यंतही चालेल.