मदत हवी आहे: आईचं आभा खातं दादाच्या मोबाईलवर, परवानगी नक्की कोणाची?

नमस्कार. आई ६७ वर्षांची, सांगलीला दादाकडे असते. मी पुण्यात.

मागच्या महिन्यात मोतीबिंदू दाखवायला दादा तिला एका रुग्णालयात घेऊन गेला. केसपेपर काढताना खिडकीवरच्या मुलाने आधार कार्ड मागितलं. आधारला नंबर दादाचा, म्हणून ओटीपी त्याच्या मोबाईलवर आला, त्याने तो सांगितला आणि आईचा १४ अंकी आभा क्रमांक तयार. (आभा म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एकत्र जोडता येतात ते सरकारी डिजिटल आरोग्य खातं.) आई समोरच्याच बाकावर बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

बाबा गेल्यापासून आईला मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू आहे. हे फक्त मला माहीत आहे. गोळ्यांची पट्टी ती देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात, फुलवातींच्या खाली ठेवते. त्या रात्री तिचा हळू आवाजात फोन आला, "अगं, माझं सगळं आता दादाच्या फोनवर दिसणार का?"

दादा मनाने वाईट नाही. आईची शुगर तोच बघतो. पण रोजचा आकडा ॲपमध्ये भरला की त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. उपाशीपोटी २१० आली की मामींचा फोन, "काय खाल्लंत काल?" आईला ते अजिबात आवडत नाही. दादा म्हणतो, त्यात लपवायचं काय! मला वाटतं, लपवायचं की सांगायचं हे ज्याचं दुखणं त्याने ठरवावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्येही उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

आभाबद्दल मी वाचलं ते असं: ते ऐच्छिक आहे, ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांच्या आयुष्मान कार्डापेक्षा वेगळं आहे, नको असेल तर रद्द करता येतं. नोंदी जिथे तपासणी झाली तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना हव्या असतील तर विनंती येते, त्यात कशासाठी, कोणत्या काळातल्या, कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. हे सगळं चांगलंच आहे. पण ती विनंती दादाच्या हातात येणार असेल तर परवानगी आईची कशी?

शस्त्रक्रियेआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना त्या गोळीबद्दल सांगायलाच हवं, हे आईला पटलंय. ती स्वतः सांगणार आहे. डॉक्टरांना सांगणं वेगळं आणि घरात सगळ्यांना कळणं वेगळं.

आईकडे साधा बटणांचा फोन आहे. आधारला दादाचाच नंबर ठेवून आभाच्या प्रोफाइलमध्ये अशा साध्या फोनचा वेगळा नंबर कोणी घालून घेतलाय का? मेसेज नीट येतात का? नोंदी जोडताना एखाद्या दवाखान्याच्या वगळता आल्या का? की खातं रद्द करून तिच्या नावाचं सिम असलेला स्मार्टफोन घ्यावा आणि नव्याने काढावं?

आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी हेही सांगा: गोळीचा विषय न काढता दादाला काय सांगू? "आईला आवडत नाही" एवढं त्याला पुरत नाही.

१२ तारखेला शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला मी आईसोबत जाणार आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.