स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील प्रयोगशाळेचे यश कशाने मोजावे?

शाईची दौत:
नमस्कार. विज्ञानविषयक लेखांचे संपादन करताना सध्या माझ्या टेबलावर अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील कर्करोग-संशोधक डेव्हिड ट्यूव्हसन यांच्या गटावरचा एक लेख आला आहे. लेखकाने उंदरांवरचे प्रयोग, 'कृत्रिम स्वादुपिंड' आणि नामांकित नियतकालिकांतील शोधनिबंध यांचा मोठ्या उत्साहाने उल्लेख केला आहे. मात्र त्याच लेखात असेही म्हटले आहे की अमेरिकेत हा कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे 13 जणच निदानानंतर पाच वर्षे जगतात. हे दोन परिच्छेद एकामागोमाग वाचल्यावर वाचक विचारणारच, की मग या प्रयोगशाळेने नेमके मिळवले काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

पेट्रीडिश:
मी याच क्षेत्रात, परंतु दुसऱ्या एका गटात काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पूर्वी नव्या औषधाची चाचणी घेताना माणसाच्या कर्करोगपेशी रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली टोचत असत. तिथे वाढलेली गाठ औषधाने हमखास आक्रसायची आणि तेच औषध रुग्णावर निष्प्रभ ठरायचे. 2005 साली ट्यूव्हसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपीसी या नावाने ओळखला जाणारा उंदीर तयार केला. त्याच्या स्वादुपिंडातच केरास आणि पी53 या दोन जनुकांत बिघाड घडवलेला असल्यामुळे कर्करोग जागच्या जागी, पायरीपायरीने उद्भवतो आणि माणसाप्रमाणेच यकृतात व फुप्फुसांत पसरतो. नवे औषध रुग्णापर्यंत नेण्याआधी या उंदरात तपासून पाहणे आज जगभर रूढ झाले आहे. माझ्या मते हे त्यांचे सर्वात मोठे काम आहे, कारण इतर शेकडो गटांचे काम त्यावर उभे राहिले.

2009 मध्ये याच उंदरांत त्यांना आढळले की गाठीभोवतीच्या दाट तंतुमय ऊतीत रक्तवाहिन्या फारच विरळ असतात, आणि म्हणून जेमसायटाबिन हे औषध गाठीपर्यंत नीट पोहोचतच नाही. हेजहॉग नावाचा पेशींमधील संदेशमार्ग रोखून ही ऊती विरळ केली, तेव्हा औषध आत शिरले आणि उंदीर अधिक काळ जगले. पुढे हीच कल्पना रुग्णांवर तपासली गेली, परंतु त्यांची प्रकृती उलट अधिक बिघडू लागल्याने 2012 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. 2014 मध्ये इतर गटांनी दाखवून दिले की ही ऊती गाठीला काही अंशी आवरूनही धरत असते. ट्यूव्हसन यांच्या गटाने या अपयशाकडे पाठ फिरवली नाही. 2017 मध्ये त्यांनीच त्या ऊतीतील फायब्रोब्लास्ट (तंतू तयार करणाऱ्या) पेशींचे दोन निरनिराळे प्रकार वेगळे ओळखून दाखवले, आणि सरसकट सगळी ऊती नष्ट करणे का चुकीचे आहे हे समजण्याची वाट मोकळी झाली. आपल्या लेखात हा भाग गाळला असेल तर तो अवश्य घालून घ्यावा.

कडूनिंब:
वरील माहितीशी सहमत असूनही एक मुद्दा नोंदवावासा वाटतो. प्रगत अवस्थेतील रुग्णांना मिळालेला एक ठळक लाभ 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॉल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या उपचाराने दिला. त्याने मध्यम आयुर्मान 6.8 महिन्यांवरून 11.1 महिन्यांवर नेले. तो फ्रान्समधील डॉक्टरांनी जुन्याच औषधांची सांगड घालून उभा केला होता, त्यासाठी कोणताही खास उंदीर लागला नव्हता. उपचाराचे श्रेय देताना लेखकाने हे भान ठेवावे.

शाईची दौत:
दोघांचेही आभार. हा रोग इतक्या उशिरा का सापडतो, याविषयी या संशोधनातून काही हाती लागले आहे का?

पेट्रीडिश:
कडूनिंब यांचा आक्षेप रास्त आहे.

आपल्या प्रश्नाचे सर्वात बोलके उत्तर 2010 सालच्या दुसऱ्याच एका गटाच्या अभ्यासात मिळते. सात रुग्णांच्या मृत्यूनंतर लगेच मिळालेल्या ऊतींतील उत्परिवर्तनांची तुलना करून त्यांनी असा हिशेब मांडला, की पहिल्या बिघाडापासून खरी कर्करोगपेशी जन्माला येण्यास किमान दशकभर लागते आणि तिला शरीरभर पसरण्याची क्षमता येण्यास आणखी किमान पाच वर्षे. म्हणजे रोग पकडायला मुदत भरपूर असते, पण तो दडून बसतो. रक्तातील सीए 19-9 या खुणेचा निदानासाठी फारसा आधार घेता येत नाही, कारण ती काही निरोगी माणसांतही वाढते आणि काहींच्या शरीरात मुळी तयारच होत नाही. मात्र 2019 मध्ये ट्यूव्हसन यांच्या गटाने दाखवले की ही खूण केवळ साक्षीदार नाही: उंदरांत ती नैसर्गिकरीत्या नसते, ती निर्माण होईल अशी तजवीज केल्यावर त्यांच्या स्वादुपिंडाला सूज आली आणि कर्करोगाचा वेगही वाढला.

आता आपल्या लेखातील 'कृत्रिम स्वादुपिंडा'विषयी. तो शब्द कृपया काढून टाकावा, कारण त्या नावाने मधुमेहींसाठीचे इन्सुलिन देणारे यंत्र ओळखले जाते. लेखकाला अभिप्रेत आहेत ते ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली अवयवाची इवली प्रतिरूपे, जी या गटाने डच शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या गटासह 2015 मध्ये स्वादुपिंडाच्या निरोगी आणि कर्करोगग्रस्त ऊतींपासून वाढवली. ऊतीचा बारीक केलेला तुकडा विकराने सुटा करायचा, त्या पेशी बर्फावर ठेवलेल्या जेलमध्ये मिसळायच्या आणि झटपट थेंब सोडायचे, कारण हात जरा रेंगाळला तर ते जेल उबेने पिपेटमध्येच घट्ट होते. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशींचे पातळ भिंतींचे पोकळ बुडबुडे दिसू लागतात. सुईने काढलेल्या नमुन्यापासूनही ते वाढवता येतात, हे विशेष, कारण बहुसंख्य रुग्णांवर शस्त्रक्रिया शक्यच नसते. एकाच रुग्णाच्या पेशींवर अनेक औषधे अशी तपासून पाहता येतात, परंतु त्या निकालांवरून उपचार ठरवणे अजून सरसकट रूढ झालेले नाही.

शाईची दौत:
शब्द बदलला आहे, आणि थांबवलेल्या चाचणीचा परिच्छेद लिहून देण्यास लेखकाला कळवले आहे.